वामीची पिल्ले

बाजारात धुरी दिलेले ‘पालिंग’, म्हणजे आपली वाम, पाहून लेकीने विचारले, “आई, हिची पिल्ले कुठे असतात?” शाळा सुटली, तरी प्रश्न टाळवत नाही.

वाम इथल्या नद्यांतून पार सारगासो समुद्रात अंडी घालायला जाते. वाटेत काही खात नाही, अंगातल्या चरबीवरच निभावते. १९८६च्या ऐन दिवाळीत, १ नोव्हेंबरला, बाझेलजवळ रसायनांचे गोदाम जळाले. पारायुक्त औषधे ऱ्हाईनमध्ये वाहून आली, हजारो वामी मेल्या. ते सगळ्यांना दिसले. बीसबॉसच्या गाळात साचलेले कॅडमियम मात्र दिसत नाही. ते माशाच्या यकृतात साठते आणि अंड्यातला बलक नीट तयार होऊ देत नाही. मासा जगतो, पण वंश खुंटतो.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत सापडलेल्या जुन्या बॅटऱ्या लेकीनेच सुपरमार्केटमधल्या पेटीत टाकल्या.