गावची माहिती : मालकी कुणाची?

आपल्या गावाविषयी लिहिणारे हात सीमाभागात कधीच कमी नव्हते. हायस्कुलांच्या स्मरणिका, यात्रेची पत्रके, वाचनालयांचे सुवर्णमहोत्सवी अंक, मंडळांच्या पुस्तिका चाळून पाहाव्यात. हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर, कणकुंबीचा मलप्रभेचा उगम, येळ्ळूरचा राजहंसगड, नंदगडची संगोळ्ळी रायण्णांची समाधी यांवर गावकऱ्यांनीच लिहिलेला मजकूर त्यांत ढिगाने सापडतो. वाट कुठून जाते, पावसाळ्यात कोणता ओढा आडवा येतो, यात्रेला उतरायची सोय कुठे होते, हे गावच्या माणसाइतके बाहेरचा लेखक सांगू शकत नाही. तेव्हा अडचण लेखनाची नाही. दहाजणांनी मिळून लिहिलेला मजकूर पुढे कुणाचा होतो आणि तो पुन्हा कोण छापू शकतो, याचा विचार आपण करत नाही, ही खरी अडचण आहे.

आमच्या समितीपुढे हा प्रश्न एका जुन्या स्मरणिकेच्या निमित्ताने आला. शेजारच्या गावातील एका मंडळाने काढलेली ही स्मरणिका म्हणजे परिसराची उत्तम मार्गदर्शिकाच आहे. ती पुन्हा छापावी, संगणकावरही उपलब्ध करावी, अशी मागणी होती. लेखक वीसेक होते. त्यांतील निम्मे आज हयात नाहीत. वारस पुण्यात, मुंबईत, गोव्यात, काही परदेशात. मंडळ कधीच बंद पडले आणि ज्याने छपाई केली त्याचे वारस म्हणू लागले की पुस्तिका आमच्या छापखान्याची. गावाने गावासाठी लिहिलेला मजकूर गावालाच छापता येईना.

कायदा काय सांगतो

भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. त्याप्रमाणे लेखन कागदावर उतरताच त्याचा हक्क लेखकाकडे जातो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही आणि ‘सर्व हक्क राखीव’ असे छापावेही लागत नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. सन २००० मध्ये वारलेल्या गुरुजींचा लेख २०६० साल संपेपर्यंत त्यांच्या वारसांचा. दोघातिघांनी मिळून एकच लेख लिहिला असेल, तर त्यांतील जो शेवटी वारला त्याच्यापासून ही ६० वर्षे मोजायची. छापखान्याने शाई-कागद पुरवला म्हणून तो मालक होत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखकाच्या सहीचा लेखी करार लागतो.

हा कायदा लेखकाच्या पोटापाण्याचे रक्षण करतो आणि ते योग्यच आहे. परंतु मोबदल्याची अपेक्षा न ठेवता गावासाठी लिहिणाऱ्याच्या मजकुरालाही तो तेच कुलूप घालतो. किल्ली वीस घरांत वाटली जाते आणि काही वर्षांनी ती कुणाकडेच सापडत नाही.

एका प्रवासवहीची कथा

या कुलपावरचा उपाय किती उपयोगी ठरतो, याचे चांगले उदाहरण इंटरनेटवरील प्रवासमार्गदर्शिकेत मिळते. जुलै २००३ मध्ये इव्हान प्रोड्रोमू आणि मिशेल अॅन जेन्किन्स या दांपत्याने ‘विकिट्रॅव्हल’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. विकी म्हणजे वाचकालाच भर घालता येईल व चूक दुरुस्त करता येईल अशी सामाईक वही. जगभरच्या प्रवाशांनी आपापल्या शहराची, घाटाची, खानावळीची माहिती त्यात फुकट लिहिली.

लेखनाच्या अटी संस्थापकांनी आरंभीच ठरवल्या होत्या. त्या काळी विकिपीडिया ज्या परवान्याखाली होता, त्यात मजकुराच्या प्रतीसोबत संपूर्ण परवानाही छापावा लागे. एखाद्या लॉजवाल्याला पाहुण्यांसाठी आपल्या गावाचे एक पान छापायचे, तर त्याला परवान्याचीच कित्येक पाने जोडावी लागली असती. म्हणून विकिट्रॅव्हलने ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेचा सुटसुटीत परवाना घेतला. त्याचे सार दोन वाक्यांत सांगता येते. मजकूर घ्या, छापा, बदला, विकासुद्धा, पण लिहिणाऱ्यांना श्रेय द्या. आणि त्यातून नवे काही केलेत, तर तेही याच अटीवर सर्वांना खुले ठेवा.

‘कॉमन्स’ला आपल्याकडे नेमका शब्द आहे, तो म्हणजे गायरान. गायरानात कुणाचेही गुरू चरते, पण कुणी त्याला कुंपण घालू शकत नाही.

२००६ च्या एप्रिलमध्ये ‘इंटरनेट ब्रँड्स’ या अमेरिकन कंपनीने विकिट्रॅव्हल विकत घेतले. ज्यांनी फुकट लिहिले होते त्यांतील अनेकांना ‘आयत्या बिळावर नागोबा’ असे वाटले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जर्मन स्वयंसेवक आपला मजकूर घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी ‘विकिव्हॉयेज’ सुरू केले. वर्षभराने इटालियन मंडळी त्यांना मिळाली. पुढे जाहिराती आणि तांत्रिक देखभाल यांवरून इंग्रजी विभागातही नाराजी वाढली. २०१२ मध्ये तेथील बहुतेक कार्यकर्ते बाहेर पडले आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या आश्रयाने, १५ जानेवारी २०१३ रोजी, विकिव्हॉयेज नव्याने रीतसर सुरू झाले.

दरम्यान कंपनीने दोन स्वयंसेवकांवर कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा लावला होता. फाउंडेशननेही उलट दावा केला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भांडण मुख्यतः नावावरून, व्यापारचिन्हावरून होते. लेख घेऊन जाण्यास हरकत घेण्याची सोयच परवान्याने ठेवली नव्हती. असा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही, मग मालक बदलो की संस्था बुडो. नाव कंपनीकडे राहिले. हजारो लेख मात्र लिहिणाऱ्यांच्या नोंदींसह नव्या घरी गेले. आमच्या स्मरणिकेच्या लेखकांनी अशी एक ओळ छापून ठेवली असती, तर आज वारसांचे पत्ते शोधत फिरावे लागले नसते.

मनातल्या शंका

आमच्या बैठकांत हमखास निघणारी पहिली शंका अशी : आम्ही राबायचे आणि दुसऱ्याने पैसा करायचा काय? त्यासाठी ‘व्यापारी वापर नको’ अशी अट घालणारा परवानाही मिळतो. तो ऐकायला गोड वाटतो. परंतु मग यात्रेत पुस्तिका विकणारा दुकानदार, पाहुण्यांना पान छापून देणारा खानावळवाला, आणि हे दैनिकसुद्धा अडकते. विकिव्हॉयेजवरही असा मजकूर चालत नाही. कुणी आपले पुस्तक छापून विकले, तरी त्याला आपली नावे द्यावी लागतात आणि त्याने घातलेली भर आपल्यालाही मोकळी होते. गायरानातले गवत खाऊन एखाद्याची गाय दूध देते, म्हणून गायरान काही आटत नाही.

दुसरी शंका, कुणी चुकीचे लिहिले तर? मजकूर बदलला तर तसे सांगणे परवान्यानुसार बंधनकारक आहे, आणि विकीवर प्रत्येक बदलाची नोंद राहते. चुकीचे पुसून जुने परत आणता येते. छापील पुस्तिकेतली चूक मात्र वीस वर्षे तशीच राहते.

तिसरी शंका भाषेची आहे आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. विकिव्हॉयेजच्या हिंदी आणि बंगाली आवृत्त्या आहेत, पण मराठीची स्वतंत्र आवृत्ती अजून उभी राहिलेली नाही. शेजारी पाहिले तर गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ मध्येच याच प्रकारच्या परवान्याखाली खुले केले. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनी मिळून केलेल्या नकाशात एकाच गावाचे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी शेजारी नोंदवता येते. जागा आहे, पण मजकूर पाहिजे. आपण तो दिला नाही, तर आपल्या गावांची नावे इंग्रजी स्पेलिंगवरून कुणीतरी मराठीत उतरवेल. ‘येळ्ळूर’मधला ‘ळ’ आणि ‘हलशी’तला ‘श’ असेच जातात.

काय करावे

यापुढे गावाची पुस्तिका, स्मरणिका किंवा यात्रेचे पत्रक काढणाऱ्यांनी चार गोष्टी कराव्यात.

पहिली, लेख स्वीकारतानाच लेखकाकडून संमतिपत्रावर सही घ्यावी. विद्यार्थ्याचे लेखन असेल तर पालकांची सही घ्यावी. छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराचा असतो, म्हणून त्याचीही वेगळी संमती हवी.

दुसरी, मुखपृष्ठामागे स्पष्ट शब्दांत छापावे : ‘या पुस्तिकेतील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय व समान वाटणी, ४.० या परवान्याखाली सर्वांस खुला आहे. वापरताना लेखकांची नावे द्यावीत, बदल केल्यास तसे नमूद करावे आणि नवा मजकूर याच परवान्याखाली द्यावा.’ हाच परवाना विकिपीडिया आणि विकिव्हॉयेजने २०२३ पासून स्वीकारला आहे, त्यामुळे आपला मजकूर तिथे विनाअडथळा जातो.

तिसरी, जे आपले नाही ते खुले करू नये. दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा किंवा वर्तमानपत्रातला फोटो आपल्या परवान्यात बसत नाही. मात्र वस्तुस्थितीवर कुणाची मालकी नसते. बसची वेळ, मंदिराचा काळ, गडाची वाट आपल्या शब्दांत कुणीही लिहावी. १८८४ चे बेळगाव जिल्ह्याचे जुने इंग्रजी गॅझेटियर तर हक्कमुदत संपल्याने आज सर्वांचेच आहे. त्यातून मराठीत भाषांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही.

चौथी आणि निकडीची गोष्ट, जुन्या स्मरणिकांचे जे लेखक हयात आहेत त्यांना आजच भेटावे. एका कागदावर त्यांची संमती घेतली, तर त्यांचा लेख पुढच्या पिढ्यांना मोकळा होतो. हे राहिले तर पुढे तेच काम त्यांच्या वारसांकडे जाऊन करावे लागते, आणि ते किती अवघड आहे ते आम्ही अनुभवतो आहोत. त्या स्मरणिकेच्या हयात लेखकांपैकी बहुतेकांनी आम्हाला आनंदाने सही दिली आहे. आपल्या घरी, शाळेच्या कपाटात, वाचनालयाच्या माळ्यावर अशी स्मरणिका असेल, तर तिच्या लेखकांची यादी करण्यापासून सुरुवात करावी. या कामाला निधी लागत नाही, ठरावही लागत नाही. एक वही आणि सुट्टीचा एक दिवस पुरतो.