गुन्हे वाढले, की नोंदी वाढल्या?

वर्ष संपले की वर्तमानपत्रांत जिल्ह्यातील गुन्ह्यांचे आकडे येतात आणि आपल्या फ्रीगंजमध्ये टॉवर चौकापासून घरच्या ओट्यापर्यंत त्यांचीच चर्चा चालते. आकडा चढला तर "शहर बिघडले", उतरला तर "बंदोबस्त चोख आहे". ही दोन्ही अनुमाने बहुधा घाईची असतात. कारण या आकड्यांत मोजला जातो तो घडलेला गुन्हा नव्हे, तर पोलीस ठाण्यात नोंदला गेलेला गुन्हा. या दोहोंत अंतर का पडते हे ट्रस्टच्या सभासद कुटुंबांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. ते अंतर काही अंशी आपल्यामुळेच पडते.

पेशाने शिक्षक असल्यामुळे मला हजेरीपटाचे उदाहरण सुचते. जे गुरुजी रोज नेमाने नावे पुकारतात त्यांच्या वर्गाची गैरहजेरी कागदावर जास्त दिसते. जे नजरेनेच पट भरतात, त्यांचा वर्ग सदा भरलेला! तपासनीस नुसता पट पाहून गेला तर शाबासकी कोणाला मिळेल हे सांगायला नको.

राजधानी दिल्लीत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. तेथे २०१२ साली भारतीय दंडसंहितेखाली सुमारे ५४ हजार गुन्हे नोंदले गेले. २०१५ साली तीच संख्या एक लाख ९१ हजारांवर गेली. तीन वर्षांत साडेतीन पट! परंतु त्याच काळात तेथील खुनांची संख्या दरसाल पाचशे ते सहाशेच्या दरम्यानच राहिली. शहर तीन वर्षांत साडेतीन पट दुष्ट झाले असते तर खून तेवढे जागच्या जागी कसे राहिले? मधल्या काळात तक्रार परत न पाठवता नोंदून घेण्याचे धोरण आले होते. शिवाय दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच प्राथमिक माहिती अहवाल, म्हणजेच एफ.आय.आर., नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात दिला होता.

म्हणून कल पाहायचा तर लपवता न येणारे गुन्हे पाहावेत. खून सहसा लपत नाही. मोटारसायकलची चोरी लपत नाही, कारण एफ.आय.आर.च्या प्रतीशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही. याउलट मुलाची सायकल क्लासच्या दारातून गेली तर बाप म्हणतो, "रपट लिहून सायकल थोडीच परत येणार आहे?" आणि प्रकरण तेथेच मिटते. घरातील मारहाणीचे तर बोलायलाच नको; ती शेजाऱ्यांना ऐकू येते, पण ठाण्यापर्यंत पोचत नाही.

उज्जैनच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्यूरोच्या वार्षिक अहवालात मोठ्या महानगरांची स्वतंत्र कोष्टके असतात. आपण मात्र जिल्हा म्हणून मोजले जातो. त्या एका आकड्यात नागदा, खाचरोद, महिदपूर, बडनगर, तराना हे सारे येतात. तेव्हा त्यावरून फ्रीगंजची रात्र सुरक्षित की असुरक्षित हे सांगता येत नाही. दुसरी गोष्ट यात्रेकरूंची. गुन्ह्याचे प्रमाण दर लाख वस्तीमागे काढतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची वस्ती पाच लाख १५ हजार होती. परंतु महाकालच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंची गणती या वस्तीत नसते, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून ही गर्दी फारच वाढली आहे. यात्रेकरूचा खिसा येथे कापला गेला तर गुन्हा आपल्या खाती पडतो. तो स्वतः मात्र त्याच्या गावच्या वस्तीत मोजलेला असतो. २०२८ च्या सिंहस्थाच्या वर्षाचे आकडे वाचताना हे विसरू नये.

त्यात १ जुलै २०२४ पासून कायदाच बदलला. दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आली, आणि तिच्या जोडीच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे. अशा चोरीचा एफ.आय.आर. होत नाही, आपल्याकडे ज्याला 'अदम चेक' म्हणतात त्यात ती जाते. घरातून किंवा बस-आगगाडीतून झालेली चोरी आणि गळ्यातील साखळी ओढून नेणे ही कलमे निराळी आहेत, ती दखलपात्रच. पण बाजारात गेलेले दोन हजारांचे पाकीट आता चोरीच्या आकड्यातून वगळले जाईल. त्यामुळे २०२३ आणि २०२५ मधील चोऱ्यांची तुलना करून कोणी पाठ थोपटून घेऊ लागला, तर ती खुशाल थोपटू द्यावी, आपण मात्र विश्वास ठेवू नये.

आता प्रत्यक्ष प्रसंग आल्यास काय करावे ते सांगतो. ११२ वर फोन केला म्हणजे फिर्याद झाली, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. फोनने गाडी येते, फिर्याद वेगळी द्यावी लागते. रोजनामच्यात नोंद होणे म्हणजेही एफ.आय.आर. नव्हे. फ्रीगंजला माधवनगर ठाणे लागते, महाकाल परिसराला महाकाल ठाणे, आणि रेल्वे स्टेशनवर किंवा गाडीत चोरी झाली तर रेल्वे पोलिसांचे ठाणे. पण हद्दीच्या प्रश्नावरून तुम्हांला परत पाठवता येत नाही. नव्या संहितेच्या १७३ व्या कलमानुसार कोणत्याही ठाण्याने खबर नोंदून घ्यावी व पुढे योग्य ठाण्याकडे पाठवावी; यालाच शून्य क्रमांकाचा एफ.आय.आर. म्हणतात. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, परंतु तीन दिवसांत तिच्यावर सही केली पाहिजे. एफ.आय.आर.ची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळविण्याची जबाबदारीही पोलिसांवर आहे.

फोनवरून फसवून खात्यातील पैसे काढले असल्यास आधी १९३० हा क्रमांक लावावा. पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याचा संभव असतो.

ठाण्यात नोंद नाकारली तर वाद घालत बसू नये. हकीकत तारीख, वेळ, ठिकाण व वस्तूंच्या किमतीसह लिहून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालाने पाठवावी. (इंदूर व भोपाळ येथे डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त आहेत, आपल्याकडे अधीक्षकच.) तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अर्जाची एक प्रत आणि टपालाची पावती घरी जपून ठेवावी. दंडाधिकाऱ्यांपुढे पहिली मागणी तिचीच होते.