डॉर्निअर २२८ : एका निगर्वी विमानाचा परिचय

वाशीमसारख्या, समुद्राची खारी हवा कधी न लागलेल्या जिल्ह्यातून जो प्रवासी गोव्यास जाऊन दाबोळीला उतरतो, त्याच्या सहसा ध्यानी येत नाही की ती धावपट्टी नौदलाच्या ‘हंसा’ तळाची आहे. आणि तेथील मिग विमानांच्या गर्जनेत जे एक लहानसे, उंचावर पंख जडवलेले, दोन पंख्यांचे विमान गस्तीस निघते, त्याच्याकडे तर कोणी मान वर करूनही पाहत नाही.

हे डॉर्निअर २२८. त्याचे पहिले उड्डाण जर्मनीत २८ मार्च १९८१ रोजी झाले. १९८३ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवाना मिळविला आणि पुढे ते कानपूरच्या कारखान्यात घडू लागले. रूपात डौल म्हणावा असे काही नाही. धड पेटाऱ्यासारखे चौकोनी. परंतु रचनाकारांचे शहाणपण याच चौकोनीपणात आहे : एकोणीस आसने काढली की त्याच पोकळीत निरीक्षकाचे मेज, आजाऱ्याची शिबिका किंवा रसद, जे हवे ते मावते. आत हवेचा दाब राखण्याची सोय नाही. प्रवाशास ही उणीव वाटेल. गस्तीच्या अंमलदारास वाटत नाही, कारण मच्छीमारी नौकेचे नाव वाचायचे तर खाली उतरावेच लागते.

पंखांवरील दोन टर्बोप्रॉप यंत्रे प्रत्येकी ७१५ अश्वशक्तीची. त्यांचा टर्बाइन आणि पंखा एकाच दांड्याला जोडलेले असल्याने विमान जमिनीवर उभे असतानाही त्यांच्या फेऱ्या फारशा उतरत नाहीत, आणि त्यांची तीक्ष्ण किंकाळी कान बधिर करते. सुरू करताना पाती सपाट कोनात अडकवून ठेवावी लागतात. एरवी वाऱ्याच्या विरोधानेच यंत्राचा दम उखडावा.

नौदलाचे वैमानिक कोचीच्या ५५० क्रमांकाच्या तुकडीत याच विमानावर तयार होतात. दुयंत्री विमानाची खरी परीक्षा एक यंत्र निकामी झाल्यावर असते : नाक त्या अंगाला वळू लागताच, चालत्या यंत्राच्या बाजूच्या पायाने सुकाणू दाबून ते सरळ धरावे लागते, आणि तेही हात इतर कामांत गुंतलेले असताना. ऑक्टोबर २०२० मध्ये नौदलाच्या पहिल्या तीन महिला वैमानिक येथूनच डॉर्निअरवर सिद्ध झाल्या. शिकण्याचे वाहन आणि नोकरीचे वाहन एकच, ही या विमानाची खरी मातब्बरी, असे माझे मत आहे.

दाबोळीच्या ३१० क्रमांकाच्या तुकडीचा वंश जुना. ती १९६१ मध्ये फ्रान्समध्ये अलिझे विमानांसह उभी राहिली. ती विमाने निवृत्त झाल्यावर डॉर्निअर आले. तटरक्षक दल त्यांच्याकडून समुद्रावरील तेलगळतीचा बंदोबस्त करवून घेते, बुडत्यांचा शोध घेते. जर्मन संशोधक त्यांतून अंटार्क्टिकावर हिंडले. आणि एप्रिल २०२२ पासून कानपूरचे हेच विमान दिब्रुगड ते पासीघाट अशी मुलकी प्रवासी सेवाही करू लागले.

या शेवटच्या बातमीने वऱ्हाडी माणसाने थोडे सावध व्हावे. अकोल्याजवळील शिवणीची धावपट्टी वाढावी ही मागणी जुनी आहे, आणि ती रास्तही आहे. पण तोकड्या धावपट्टीवरून उडण्यासाठीच घडविलेले विमान देशातल्या देशात तयार होत असताना, आहे त्या पट्टीला झेपणाऱ्या सेवेचा विचार आधी का होऊ नये?