जोडीने येणारी मांजरे

मांजराविषयी मनुष्याचे मत पूर्वापार संमिश्र राहिले आहे. तामिळनाडूतील मामल्लपुरम येथे सातव्या शतकात कोरलेल्या विशाल शिल्पपटावर मागच्या पायांवर उभे राहून तपश्चर्या करणारे एक मांजर दिसते आणि त्याच्याजवळ उंदीर निर्धास्तपणे जमलेले दिसतात. अशा ढोंगी तपस्वी मांजराची कथा महाभारतातही आलेली आहे. उलट बंगालमध्ये मुलाबाळांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन म्हणून मांजराला मान मिळतो. तथापि कुत्रा माणसाचा असतो, मांजर घराचे असते आणि कोणाही दुसऱ्या जीवाची त्याला गरज नसते, हा समज देशात सर्वत्र आढळतो.

हा समज किती अपुरा आहे हे प्राण्यांच्या एखाद्या निवाऱ्यात गेल्यास ध्यानात येते. तेथे एखाद्या पिंजऱ्यात अंथरुणे दोन असूनही दोन मांजरे एकाच अंथरुणावर एकमेकांना बिलगून झोपलेली असतात. त्यांच्यापैकी एकच मांजर पसंत करणाऱ्याला निवाऱ्यातील सेवक सांगतात, की ही जोडी आहे आणि ती एकत्रच द्यावयाची आहे. एक मांजर नेण्यासाठी आलेला मनुष्य येथे साहजिकच अडखळतो. ही अट कशासाठी घातली जाते आणि ती केव्हा योग्य ठरते, हे समजून घेतल्यास त्याला निर्णय करणे सोपे जाईल.

एकटा शिकारी, पण एकलकोंडा नव्हे

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियात आढळणारे रानमांजर होय. हा प्राणी एकट्याने शिकार करतो. उंदरासारखे लहानसे भक्ष्य एकाच पोटाला पुरते; ते मिळवण्यासाठी सोबतीची जरुरी नसते आणि वाटून खाण्याजोगे त्यात काही उरतही नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याची कोठारे उभी राहिली, त्यांच्याभोवती उंदीर वाढले आणि उंदरांमागोमाग रानमांजरे मनुष्यवस्तीजवळ आली. सायप्रस बेटावर मनुष्याशेजारी पुरलेल्या एका मांजराचे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले. मांजर हा मूळचा त्या बेटावरील प्राणी नव्हे. अर्थात माणसांनीच त्याला नावेतून तेथे नेले असले पाहिजे.

मनुष्यवस्तीजवळ अन्नाची विपुलता झाल्यामुळे मांजरांना एकमेकांजवळ राहणे शक्य झाले. मासळीबाजार किंवा बंदराचा धक्का अशा ठिकाणी आजही मांजरांचे लहानमोठे समूह दिसतात. अशा समूहाच्या केंद्रस्थानी बहुधा परस्परांच्या नात्यातील माद्या असतात. आई, तिच्या मुली, बहिणी अशा या माद्या कित्येकदा आपली पिल्ले एकाच जागी ठेवतात आणि एकमेकींच्या पिल्लांना दूधही पाजतात. सारांश, मांजर शिकारीत एकटे असले, तरी सहवासाची पात्रता त्याच्या अंगी आहे. मात्र हा सहवास ते निवडून करते. कोणतीही दोन मांजरे एकत्र ठेवली म्हणजे त्यांचे जमतेच असे नाही. अनोळखी मांजराशी जुळवून घ्यावयास त्याला आठवडे किंवा महिनेही लागतात आणि काही मांजरांचे आयुष्यभर जमत नाही. म्हणूनच ज्या दोघांनी एकमेकांना मनापासून स्वीकारलेले असते, त्यांच्या सख्याला विशेष मोल येते.

जोडी कशी जमते

पुष्कळशा जोड्या एकाच वेताच्या भावंडांच्या किंवा आई आणि पिल्लू यांच्या असतात. वयाचा दुसरा ते सातवा आठवडा हा पिल्लाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा काळ होय. या काळात ज्यांचा सहवास घडतो, त्या मांजरांविषयी आणि माणसांविषयीही पिल्लाला पुढे विश्वास वाटतो.

दुसऱ्या प्रकारची जोडी रक्ताच्या नात्याची नसते. वर्षानुवर्षे एका घरात राहिलेल्या प्रौढ मांजरांची ती असते. घरातील वृद्ध व्यक्तीचे निधन होते किंवा कुटुंबाची दूरच्या गावी बदली होते आणि ही मांजरे एकाच दिवशी निवाऱ्यात येऊन पडतात. मांजराचे जग मुख्यत्वे वासाचे आणि ठरलेल्या दिनक्रमाचे असते. घर, अंगण, खाऊ घालणारा हात आणि झोपण्याची जागा यांचा ओळखीचा वास एका दिवसात नाहीसा होतो. त्या सर्वांपैकी एकच गोष्ट शिल्लक उरते व ती म्हणजे दुसरे मांजर. त्यालाही वेगळे काढल्यास त्या प्राण्यापाशी ओळखीचे असे काहीच उरत नाही. एकत्र देण्याचा आग्रह धरला जातो तो याच कारणासाठी.

खरी जोडी ओळखण्याची लक्षणे

स्नेह असलेली मांजरे एकमेकांना टेकून झोपतात, परस्परांचे डोके व मान चाटतात, समोरासमोर येताच शेपटी ताठ उभी करतात, आणि गाल व कूस एकमेकांवर घासतात. या घासण्यामुळे दोघांच्या अंगाचा वास मिसळतो आणि हा सामाईक वास हीच त्यांच्या आपलेपणाची खूण ठरते. ती शेजारी बसून शांतपणे खातात. खेळताना पाळीपाळीने पाठलाग करतात आणि नखे आत ठेवतात.

परंतु केवळ एका पिंजऱ्यात राहणे म्हणजे जोडी नव्हे. थंडीमुळे, जागेच्या टंचाईमुळे किंवा भीतीमुळेही मांजरे एकमेकांना चिकटून बसतात. एकाने दुसऱ्याकडे रोखून पाहणे, त्याची वाट अडवून बसणे, एक दूर गेल्याशिवाय दुसऱ्याने अन्नाला तोंड न लावणे, ही दडपणाची लक्षणे होत. ऐसपैस जागा आणि दोन अंथरुणे दिल्यावरही ती जवळ येतात काय, आणि एकाला तपासणीसाठी नेल्यावर दुसरे त्याला हाका मारीत शोधते काय, हे काही दिवस पाहिल्यावरच खात्रीने सांगता येते. मांजर नेऊ इच्छिणाऱ्याने निवाऱ्यातील सेवकांना हे प्रश्न अवश्य विचारावेत.

ताटातुटीचा परिणाम सर्व मांजरांवर सारखा होत नाही. काही मांजरे थोड्या आठवड्यांत सावरतात. काही मात्र ओरडत घरभर फिरतात, कोपऱ्यात दडून बसतात, अंग चाटून चाटून केस घालवतात किंवा अन्न सोडतात. मांजराने अन्न सोडणे ही गंभीर बाब आहे. विशेषतः स्थूल मांजर काही दिवस उपाशी राहिल्यास त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. दुसरीकडे निवाऱ्याची अडचणही खरीच असते. येणारे बहुतेक लोक एकच मांजर मागतात. त्यामुळे जोडीला मागणी कमी असते आणि पिंजऱ्यातला प्रत्येक जादा दिवस हाही एक क्लेशच होय. सख्य जुजबी असेल, तर दोन चांगली घरे शोधणे अन्यायाचे ठरत नाही. सख्य दृढ असेल, तर मात्र थोडे अधिक थांबणेच हिताचे असते.

घराची सिद्धता

दोन मांजरांचे अन्न, लसी व औषधोपचार यांचा खर्च जवळजवळ दुप्पट येतो, हे आधीच लक्षात घेतले पाहिजे. परंतु श्रम मात्र दुप्पट होत नाहीत. घरातील माणसे दिवसभर कामावर असताना एकटे मांजर कंटाळून जी नासधूस करते, ती जोडीच्या बाबतीत कमी होते. कारण खेळगडी घरातच असतो.

प्रवासात दोघांसाठी वेगवेगळ्या टोपल्या असाव्यात, पण त्या शेजारी ठेवाव्यात. निवाऱ्यातील वापरलेले अंथरूण न धुता बरोबर आणावे. पहिले काही दिवस त्यांना एकाच शांत खोलीत ठेवून मग हळूहळू सारे घर मोकळे करावे. दिवाळीच्या फटाक्यांचे दिवस यासाठी टाळावेत. दोन मांजरांना रेतीची तीन पसरट भांडी ठेवावीत, आणि पाण्याची व अन्नाची भांडी त्यांपासून दूर असावीत. उंच इमारतींतील खिडक्यांना व सज्जांना जाळी बसवणे अत्यावश्यक आहे. न्यूयॉर्कमध्ये अवघ्या पाच महिन्यांत उंचावरून पडलेल्या 132 मांजरांवर उपचार करावे लागल्याची नोंद पशुवैद्यांनी 1987 साली प्रसिद्ध केली होती.

आहाराविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. दूधभात किंवा दूधपोळी हे मांजराचे पुरेसे अन्न नव्हे. पुष्कळशा प्रौढ मांजरांना दूध पचतही नाही. मांसात असणारा टॉरिन हा घटक न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे 1975 साली सिद्ध झाले. वनस्पतिजन्य द्रव्यांपासून अ जीवनसत्त्व तयार करण्याची शक्तीही त्याच्या शरीरात नसते. म्हणून शाकाहारी कुटुंबाने हा विचार मांजर आणण्यापूर्वीच करावा. कांदा, लसूण व लिलीची फुले त्याला विषारी आहेत आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

जोडीतील मांजरे एकमेकांना चाटत असल्यामुळे एकाचा रोग दुसऱ्याला सहज जडतो. फेलाइन ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून पसरतो. त्यामुळे दोघांचीही रक्ततपासणी करून घ्यावी. रेबीजसह सर्व लसी दोघांना वेळेवर टोचाव्यात. निर्बीजीकरणही दोघांचे झाले पाहिजे. भाऊबहीण आहेत म्हणून त्यांचा समागम होणार नाही, ही समजूत चुकीची आहे. मांजरी पाचव्या-सहाव्या महिन्यातच गाभण राहू शकते आणि शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे बोक्यापासून गर्भधारणा संभवते.

आणखी एक गोष्ट नवख्या मालकाला बुचकळ्यात टाकते. एक मांजर दवाखान्यातून परतले, की दुसरे त्याच्यावर फिसकारते. स्नेह तुटला असे यावरून समजू नये. औषधांच्या वासाने सामाईक वास झाकला गेलेला असतो, इतकेच. परतलेल्या मांजराला काही काळ वेगळ्या खोलीत ठेवावे आणि घरातील अंथरुणावर निजू द्यावे; वास परतला की सख्यही बहुधा परतते. शक्य असल्यास तपासणीसाठी दोघांना एकत्रच न्यावे.

स्वीकारलेली जबाबदारी

मुक्या प्राण्यांची काळजी संघटितपणे वाहण्याची परंपरा आधुनिक भारतात कोलकात्यात 1861 साली स्थापन झालेल्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक संस्थेपासून दिसते. चेन्नईत ब्लू क्रॉस ऑफ इंडिया ही संस्था 1959 साली स्थापन झाली. संसदेने 1960 साली केलेल्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमार किंवा तहान यांमुळे प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा अपराध आहे. 1976 च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. नव्या घरात मांजरांचे जमले नाही, तर त्यांना रस्त्यावर सोडण्याऐवजी ज्या निवाऱ्यातून आणले तेथेच परत नेऊन द्यावे, आणि तेही दोघांना एकत्र.

घरात नीट सांभाळलेले मांजर पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगते. जोडीतील एक केव्हातरी आधी जाणार, हेही गृहीत धरले पाहिजे. मागे राहिलेले मांजर काही दिवस दाराशी बसून राहते, जोडीदाराच्या जागेचा वास घेत फिरते आणि कमी खाते. त्या वेळी घाईने नवे पिल्लू आणून त्याच्यापुढे ठेवू नये. दिनक्रम नेहमीचाच ठेवावा, त्याच्या खाण्यावर लक्ष असावे, जोडीदाराचे अंथरूण लगेच धुऊ नये आणि घरातील माणसांनी त्याच्याजवळ थोडे अधिक बसावे. दोघांना एकत्र आणणाऱ्या घरात त्याच्या ओळखीचे पुष्कळ काही तोवर साठलेले असते आणि त्याच्या आधारानेच ते हळूहळू सावरते.