पेट्रोलचा वास? चालायचंच... नाही!

सेकंडहँड गाडी घेतलीय? मग थोडं नाकाचंही ऐका.

ईएमआयचं ओझं नको आणि रोज लोकलचे धक्केही नकोत. अशा वेळी सेकंडहँड गाडी हा एकदम प्रॅक्टिकल पर्याय. दहा-बारा वर्षांची अल्टो, वॅगन-आर नाहीतर सँट्रो. दिसायला टकाटक, एसी गारेगार, म्युझिक सिस्टीम झकास. फक्त एकच गोष्ट खटकते. सकाळी दार उघडलं की पेट्रोलचा हलकासा वास येतो. मेकॅनिकला विचारावं तर उत्तर ठरलेलं, ‘‘साहेब, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच!’’

तर मंडळी, हे चालायचं नाही. गाडी जुनी असो वा नवी, पेट्रोल टाकीत आणि पाइपात राहायला हवं. शून्याखाली ४० अंशांनाही पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ तयार होते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर उडून न जाता जमिनीलगत साचते. तुमच्या सोसायटीचं बेसमेंट पार्किंग आठवा, म्हणजे धोका लक्षात येईल. तिथे एक ठिणगी पुरते.

वास कधी येतो?

गळतीचं निम्मं निदान या एका प्रश्नात असतं. मेकॅनिककडे जाण्याआधी दोन-तीन दिवसांतलं एवढं आठवून बघा.

*टाकी फुल्ल केल्यावर :* संशय टाकीच्या वरच्या बाजूवर. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारा रबरी पाइप चिरलेला असतो, नाहीतर पंपाच्या झाकणाचं सील गेलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत हे झाकण मागच्या सीटखाली असतं, म्हणून वास थेट आत येतो. टाकी अर्धी झाली की वास गायब!

*सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर :* बॉनेटखालचे जुने रबरी पाइप बघा. कडक झालेलं रबर थंडीत आक्रसतं आणि क्लिपपाशी पेट्रोल पाझरतं. इंजिन तापलं की रबर फुगतं आणि गळती थांबते. म्हणूनच दुपारी गॅरेजमध्ये नेल्यावर ‘काही नाही साहेब’ असं ऐकावं लागतं. अशी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळीच तपासायला सांगा.

*गाडी बंद केल्यावर :* इंजेक्टरच्या ओ-रिंग वाळलेल्या असू शकतात. कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० असेल, तर फ्लोटची सुई नीट बसत नसेल आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होत असेल.

*पार्किंगमध्ये अचानक एके दिवशी :* उंदीरमामांचा विचार करा. पाइप कुरतडण्यात ते पटाईत!

पुठ्ठ्याची युक्ती

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि सकाळी लवकर बघा. पेट्रोलचा थेंब लगेच उडून जातो, पण वास आणि फिकट डाग उरतो. काळपट, चिकट डाग म्हणजे ऑइल. वास नसलेलं नुसतं पाणी बहुधा एसीचं, त्याची काळजी नको. डाग पडलाय त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. थेंब पाइपावरून ओघळत पुढे येतो. धुळीने माखलेल्या पाइपावर मध्येच धुतल्यासारखा पट्टा दिसला, तर तिथून मूळ शोधा. हे सगळं उजेडात, इंजिन थंड असताना करा. लायटर किंवा सिगारेट आसपाससुद्धा नको.

जुगाड नको!

इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोलचं प्रेशर साधारण तीन बार, म्हणजे ४० पीएसआयच्याही वर असतं. आपण टायरमध्ये भरतो साधारण ३०. त्यामुळे टेप गुंडाळणं, एमसील लावणं किंवा घरच्या गॅसची नळी कापून बसवणं हे उपाय टिकत नाहीत. पेट्रोल इंजेक्शनसाठीचाच होज मागा. क्लिपही नव्या घ्या, कारण जुनी क्लिप करकचून आवळली तर रबर कापलं जातं. एक पाइप गेला असेल, तर त्याच वयाचे बाकीचेही बदला. होजचा तुकडा काहीशे रुपयांचा असतो. खर्च वाढतो तो पंप किंवा टाकी बदलायची वेळ आली तर. गंजलेली टाकी आतली वाफ काढल्याशिवाय वेल्डिंग करणारा कोणी भेटला, तर तिथून गाडी हलवा. रिकामी टाकीही स्फोट करते. दुरुस्तीआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली जातेय ना, एवढं तुम्हीही बघू शकता.

इथेनॉलचं काय?

२०२५ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभर पोहोचलं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग त्याला चालतील असे बनवलेत. त्याआधीच्या काही गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला ‘पेट्रोलचे सगळे पाइप बघा’ ही ओळ जॉबकार्डवर लिहून घ्या.

गाडी घेताना एवढं कराच

* डॅशबोर्डवर तीन-तीन एअर फ्रेशनर? आधी ते काढायला सांगा.
* टाकी भरून, काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा.
* मागची सीट उचलून पंपाचं झाकण ओलसर आहे का बघा.
* रबरी पाइप दाबून बघा. कडक किंवा भेगाळलेला असेल तर भाव पाडा.
* चालवताना तीव्र वास आला तर बाजूला थांबा, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब जा. पुन्हा स्टार्टर मारू नका, टोइंगवाल्याला बोलवा.

घरात गॅसचा वास आला तर आपण ‘शेगडी जुनी आहे, चालायचंच’ म्हणतो का? नाही ना? मग गाडीलाही तोच नियम!