आवाज डोक्यावरून हवाच का?

ओझरच्या गृहिणीला डोक्यावरून जाणाऱ्या आवाजाचं काय नवल! १९६४ साली इथे एचएएलचा विमान कारखाना आला, तेव्हापासून मिग काय नि सुखोई काय, सगळी आपल्या गच्चीवरूनच गेली. आता तोच अनुभव बैठकीच्या खोलीत आणायची टूम निघाली आहे. घरात होम थिएटर असतंच; त्याला छताकडून येणाऱ्या आवाजाची जोड हवी, असा 'ह्यां'चा आणि मुलांचा हट्ट असतो. खर्चाची तोंडमिळवणी मात्र आपल्यालाच करावी लागते. तेव्हा मैत्रिणींनो, हे प्रकरण आपणही समजून घेऊ या.

या पद्धतीला डॉल्बी अॅटमॉस म्हणतात. २०१२ साली ती चित्रपटगृहांत आली आणि २०१४ पासून घरांत. जुन्या ५.१ संचात ५ स्पीकर नि १ सबवूफर असतो. ५.१.२ म्हटलं की शेवटचे २ हे वरच्या आवाजाचे. पडद्यावर पाऊस लागला की तो खरंच वरून पडल्यासारखा वाटतो. गंमत आहे, नाही कशाला म्हणा!

पण नुसते २ स्पीकर आणून भागत नाही. अॅम्प्लिफायरही त्या पद्धतीचा लागतो. स्पीकर छताला लावायचे तर स्लॅबला भोकं पाडणं आलं; भाड्याच्या घरात किंवा क्वार्टरमध्ये आधी परवानगी काढणं आलं. वर तोंड करून ठेवायचे स्पीकरही मिळतात. ते आवाज छतावर आपटवून खाली आणतात. त्यांना सपाट, टणक, साधारण साडेसात ते चौदा फूट उंचीचं छत लागतं. उतरत्या पत्र्यांच्या किंवा कौलारू घरात ते पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा.

शिवाय आपण पाहतो काय? रोजच्या मालिका नि बातम्यांना हा वरचा आवाज नसतोच. ओटीटीवरच्या निवडक चित्रपटांना असतो, तोही काही ठिकाणी महागड्या वर्गणीतच. आणि सासूबाईंची तक्रार 'बोलणं कळत नाही' अशी असेल, तर ते काम मधल्या स्पीकरचं. तो कपाटाच्या खणातून पुढे काढा, तोंड बसणाऱ्याच्या कानांकडे करा, सेटिंगमध्ये त्याचा आवाज जरा वाढवा. याला पैसा पडत नाही, बरं का!

आमच्याकडे यावर दोन रविवार खल झाला. माझ्या शाळेतल्या अर्धवेळ नोकरीचे पैसे 'वरचे' म्हणून हिशेबात धरले होते. मी शांतपणे म्हटलं, "ते वरचे नाहीत, मुलीच्या कॉलेजचे आहेत." ह्यांनी ते मानलं. तिची बारावी होऊ द्यायची, तोवर दरमहा थोडे बाजूला टाकायचे, मग पाहायचं, असं ठरलं.

घ्यायचंच असेल तर नाशिकच्या दुकानात आपण पाहिलेलाच चित्रपट लावायला सांगा. एकदा वरचे स्पीकर चालू, एकदा बंद. डोळे मिटून ऐका. फरक जाणवला नि पैसा हाताशी असला, तर हौस जरूर करा. नाही जाणवला, तर दुकानदाराला नमस्कार करून खुशाल घरी या!