कारवीत बुजणाऱ्या वाटा

बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील पायवाटा पावसाळ्यात पार बुजून जातात, कारण कारवी हे साधारण आठ वर्षांतून एकदाच फुलणारे, माणसाहून उंच वाढणारे झुडूप दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकते आणि खालचा शेवाळलेला खडक दिसेनासा होतो. अशा वाटेवर सायकल चालवायची तर माउंटन बाइक, म्हणजे रुंद, खाचदार टायरांची आणि धक्के शोषणाऱ्या फोर्कची सायकल लागते. टायरमधील हवा किंचित कमी ठेवल्यास रबर अधिक पसरून जमीन धरते, मात्र ती फारच कमी केल्यास दगडावर आदळताना ट्यूब रिमखाली चिमटून फुटते. परंतु सायकल सक्षम आहे म्हणून वाट खुली होत नाही: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातील प्रवेश नियंत्रित असतो, आणि सायकलस्वारांचा रूढ मार्ग कान्हेरी लेण्यांकडे चढणारा डांबरी रस्ता हाच आहे. हा निर्बंध जाचक वाटला तरी रास्तच म्हणावा लागेल, कारण दाट झुडपांतून वेगाने, निःशब्द येणाऱ्या सायकलीची चाहूल उद्यानातील बिबट्याला उशिरा लागू शकते, आणि ओल्या उतारावर चाकाने पाडलेला चर पुढच्या सरींत ओहोळ होऊन माती वाहून नेतो.